कुलूप शाबूत, कोयंडा गायब: कोकणातलं घर मजबूत करायचं तर

घरफोडीच्या बातम्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: "बंद घराचा कडी-कोयंडा तोडून चोरट्यांनी आत प्रवेश केला." नीट वाचलं तर घराच्या सुरक्षेबद्दलची अर्धी माहिती या वाक्यातच आहे. त्या दाराला कुलूप होतंच, आणि बऱ्याचदा ते चांगलं, महागातलं होतं. चोर त्याच्या वाटेला गेलाच नाही. कुलूप ज्यात अडकवलं होतं ती पातळ पट्टी त्याने पहारीने उचकटली आणि कुलूप जसंच्या तसं, बंदच, त्या पट्टीला लोंबत राहिलं.

तरीही चोरी झाली की दुसऱ्या दिवशी आपण बाजारात जाऊन आधीपेक्षा मोठं कुलूप आणतो आणि त्याच कोयंड्याच्या जागी तसलाच दुसरा कोयंडा ठोकून त्याला लावतो.

दारावर बाहेरून जो जोर पडतो तो कुलपापाशी थांबत नाही. कुलपातून तो कोयंड्यावर जातो, कोयंड्यातून स्क्रूवर, स्क्रूतून लाकडावर, लाकडातून चौकटीवर आणि चौकटीतून भिंतीवर. यात जे कच्चं असेल ते आधी सुटतं. कोकणात या प्रत्येकाचा वेगळा शत्रू आहे. लोखंडाला खारा वारा, लाकडाला पाऊस आणि वाळवी. भिंत मुळातच मऊ जांभ्याची आणि छप्पर हाताने उचलता येणाऱ्या कौलांचं. त्यात घर गणपतीनंतर शिमग्यापर्यंत बंद. म्हणून पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसाठी लिहिलेले सल्ले इथे फारसे उपयोगी पडत नाहीत. या लेखात कॅमेऱ्यांबद्दल मी जवळजवळ काहीच लिहिणार नाही. कॅमेरा चोर आत आल्याचं दाखवतो. आपल्याला तो आतच येऊ द्यायचा नाहीये.

कोयंड्याकडे एकदा नीट बघा

जुन्या घरातला कोयंडा म्हणजे वाकवलेली जाड सळई. तिचे दोन पाय चौकटीतून आरपार जाऊन आतल्या बाजूला फाकवून ठोकलेले असतात. तो ओढून निघत नाही, काढायचा तर लाकूड फोडावं लागतं. आज दुकानातून आपण आणतो ती चकचकीत पट्टी, सोबत चार स्क्रू. हे स्क्रू अर्धा ते पाऊण इंचाचे असतात. म्हणजे सगळं घर त्या पाऊण इंचाच्या भरवशावर.

आता साधा हिशेब करा. दोन फुटांच्या पहारीचं टोक पट्टीखाली सरकवलं आणि टेकू टोकापासून दोन इंचांवर मिळाला, तर हाताचा जोर दहा-अकरा पट होतो. माणसाने तीस किलोचा जोर लावला की पट्टीवर तीनशे किलोंच्या वर ओढ पडते. मोसमामागून मोसम ओल खाल्लेल्या लाकडातले आखूड स्क्रू त्यापुढे काय टिकणार? ते तुटतसुद्धा नाहीत, लाकडासकट उपसून येतात.

उपाय स्वस्त आहे आणि कुठलाही सुतार तासाभरात करतो. दाराच्या फळीवरच्या कडीला आणि अल्ड्रॉपला स्क्रूऐवजी आरपार बोल्ट लावायचे. बाहेर गुळगुळीत गोल डोकं, म्हणजे पाना लागत नाही. आत मोठा वॉशर आणि नट. याला दुकानात कॅरेज बोल्ट म्हणतात, 8 मिलिमीटरचा घ्या. आतल्या बाजूला सुट्या वॉशरऐवजी हातभर लांब लोखंडी पट्टी टाकून सगळे बोल्ट तिच्यातून काढले तर आणखी उत्तम. जोर एका जागी न येता सगळ्या फळीवर पसरतो. नट घट्ट झाला की बोल्टाचं टोक हातोडीने थोडं चेपा, म्हणजे नट सैल पडत नाही.

कुलूप निवडताना लिव्हर किती हे सगळे विचारतात. त्याआधी कड्याची जाडी बघा. कडं इतकं जाड हवं की कोयंड्याचं भोक त्याने जवळजवळ भरून जाईल. फट राहिली की पहारीच्या टोकाला जागा मिळाली. अंग पितळी असलेलं कुलूप किनाऱ्यावर टिकतं. ज्याच्या कड्याला दोन्ही बाजूंनी खांदे असतात आणि कडं जेमतेमच दिसतं, असं कुलूप मिळालं तर तेच घ्या, कारण कटरला पकडायला काही उरत नाही. कुलपात खोबरेल सोडायची आपली जुनी सवय मात्र सोडायला हवी. थंडीच्या रात्री खोबरेल थिजतं, एरवी धूळ धरून चिकट होतं, आणि सहा महिन्यांनी गावी आलेला माणूस किल्ली फिरवत दारात उभा राहतो. कुलपासाठी कोरडं वंगण मिळतं, ते वापरा.

चौकट आणि चिरा

आमच्याकडच्या एका आजींच्या घरी मागच्या दाराला नवीन कुलूप बसवायला सुतार आला होता. त्याने कुलूप बाजूला ठेवलं, उंबरठ्याशी बसला आणि चौकटीच्या खालच्या वीतभर भागात पेचकस टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. "आजये, दार बरा आसा, पण चौकट वाळवेन खाल्ल्यान," तो म्हणाला. वरून ऑइलपेंट अगदी झकास होता.

ही तपासणी तुम्हीही करा, कुलूप विकत घ्यायच्या आधी. चौकट खालून कुजते, कारण पावळ्यांचं, म्हणजे छपराच्या कडेवरून गळणारं, पाणी तिथे उडतं आणि वाळवी जमिनीतून तिथेच चढते. फणसाची किंवा सागाची जुनी चौकट असेल तर सगळी बदलायची गरज नाही. कुजलेला हातभर भाग कापून नवीन लाकडाचा सांधा देता येतो आणि पायाशी लाकडाऐवजी काँक्रीटची छोटी बैठक करता येते. वाळवीवर औषध मारल्याशिवाय मात्र सांधा करू नका, नाहीतर दोन वर्षांत तेच पुन्हा.

चौकट भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी म्हणजे होल्डफास्ट. दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंना तीन-तीन हव्यात. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या दगडाच्या, बांधकामात खरी गोम इथे आहे. जांभा सच्छिद्र आणि मऊ असतो, म्हणून तर तो खाणीतून कापता येतो. त्यात नुसता खिळा किंवा पट्टी ठोकली तर धक्क्याने भोवतालचा चिरा भुगा होऊन सुटतो. भिंतीत फुगून पकड घेणारे अँकर बोल्टही काँक्रीटमध्ये जसे बसतात तसे चिऱ्यात बसत नाहीत. फुगताना तेच भोकाच्या कडा चुरडतात. गवंड्याकडून चिऱ्यात खाच काढून होल्डफास्टभोवती काँक्रीट भरून घ्या, वीतभर लांब आणि अर्धी वीत खोल. भिंतीच्या दोन्ही बाजू हाताशी असतील तर आरपार बोल्ट आणि दोन्हीकडे पट्टी, यापेक्षा भक्कम काही नाही. खाच शक्य नसेल तर भोकात जाळीची नळी घालून रसायनाने चिकटवायचे अँकर मिळतात, ते चिऱ्यात चालतात. तिजोरी भिंतीला जखडायची असेल तरी हाच नियम.

चौकट आणि भिंत यांच्यामध्ये गिलाव्याला उभी भेग पडलेली दिसली तर समजा चौकट हलते आहे. दार जोरात लावल्यावर त्या भेगेतून माती गळत असेल तर होल्डफास्ट सुटलेला आहे. जुनी घरं मातीत चिरे लावून बांधलेली असतात. मागच्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, धुऊन गेल्या असतील तर त्या भरून घ्या, एवढंच.

आषाढात फुगणारं, माघात आक्रसणारं दार

किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. लाकूड ओल धरतं तेव्हा ते लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत वाढतं. म्हणून आषाढात दार चौकटीला घासायला लागतं, कडी भोकासमोर येत नाही, आणि आपण वैतागून सुताराला बोलावून कड रंधून घेतो. माघात तेच दार आक्रसतं आणि कडीच्या बाजूला बोटभर फट पडते. पहारीला हवी असते ती हीच फट.

रंधा मारायच्या आधी दाराची वरची आणि खालची कड बघा. ती बहुतेक वेळा कोरीच असते, कारण रंगाऱ्याला दिसत नाही आणि आपल्यालाही नाही. लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं ते या कापलेल्या टोकांतून. उन्हाळ्यात, लाकूड पूर्ण वाळलेलं असताना, दार उतरवून चारही कडांना रंगाचे दोन हात द्या. पावसातली फुगवट बरीच कमी होते. तरीही घासलं तर थोडंच रंधा आणि रंधलेल्या जागी लगेच रंग लावा. उरलेली फट झाकायला बाहेरून एक पट्टी आरपार बोल्टने दाराला बसवून घ्या.

दोन फळ्यांच्या दाराला आणखी एक दुखणं असतं. कुलूप दोन फळ्यांना एकमेकींशी बांधतं, पण पहिली फळी चौकटीला धरून ठेवतात वरची आणि खालची खिटी. खालच्या खिटीचं भोक उंबरठ्यात अर्धा इंच खोल असतं आणि तेही मातीने भरलेलं. ते साफ करून दोन इंच खोल करा आणि आत लोखंडी नळीचा तुकडा बसवा. या एका कामाने दाराची बळकटी दुप्पट झाल्यासारखी वाटते.

आडणा

आपल्या जुन्या घरांत दाराच्या आतून आडणा किंवा अडसर असायचा. भिंतीच्या भोकात सरकवून ठेवलेला जाड वासा रात्री बाहेर ओढून समोरच्या भोकात घालायचा. आता तो फक्त जुन्या वाड्यांत दिसतो, आणि नूतनीकरणात पहिलं बुजवतात ते त्याचं भोक. मला हे फार चुकीचं वाटतं. आडणा कुठल्याही स्क्रूवर अवलंबून नाही. बाहेरून धक्का दिला की जोर फळीतून वाशात आणि वाशातून थेट दोन्ही बाजूंच्या भिंतीत जातो. कडी, कोयंडा, बिजागरी, चौकट यांतलं काहीच मध्ये येत नाही. घरात हे भोक असेल तर जपा. नसेल तर दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत काँक्रीटमध्ये जाड लोखंडी खोबणी बसवून त्यात चौकोनी पाइप किंवा सागाचा वासा टाकता येतो.

घर बंद करून मुंबईला जातानाही याचा उपयोग आहे. पुढच्या दाराला बाहेरून मोठं कुलूप दिसलं की घर रिकामं आहे हे पाटी लावल्यासारखं कळतं. पुढचं दार आतून आडण्याने बंद करा आणि बाहेर पडायला बाजूचं एकच दार ठेवा, जे शेजाऱ्यांच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, दिसतं. त्या एका दारावर मनापासून खर्च करा. त्याला फळीच्या आत बसणारं कुलूप लावलं तर बाहेरून लोंबतं काहीच दिसत नाही.

बिजागरीची बाजू

कडीच्या बाजूवर आपण एवढे कष्ट घेतो आणि दाराची दुसरी बाजू विसरतो. मागीलदारी, न्हाणीला, मांगराला (शेतीच्या खोपटाला) दारं बहुधा बाहेर उघडणारी असतात, म्हणजे बिजागरीचा दांडा बाहेर दिसतो. तो ठोकून वर काढला किंवा गंजून आपोआप गेलेला असला की कुलूप न उघडता दार दुसऱ्या बाजूने निघतं.

याला घरच्या घरी करण्यासारखा उपाय आहे. दार पूर्ण उघडा. वरच्या बिजागरीच्या दोन बोटं खाली आणि खालच्या बिजागरीच्या दोन बोटं वर, चौकटीच्या ज्या कडेला दाराची कड येऊन टेकते तिथे, 10 मिलिमीटरचं दोन इंच खोल भोक पाडा. त्यात तेवढ्याच जाडीचा स्टीलचा गज घट्ट ठोका, अर्धा इंच बाहेर राहू द्या. त्या टोकाला कुंकू किंवा ओला गेरू लावा आणि दार हळूच लावा. दाराच्या कडेवर ठिपका उमटेल. तिथे 12 मिलिमीटरचं, गजापेक्षा किंचित खोल भोक पाडा. दार लागलं की गज त्या भोकात जाऊन बसतो. आता बिजागरीचा दांडा कुणी काढून नेला तरी दार चौकटीतून सुटत नाही. दार वळताना गज अडकत असेल तर त्याचं टोक कानसीने गोल करा.

फारच जुनी दारं बिजागरीवर नसतात. ती लाकडी खुंटीवर फिरतात, एक खुंटी उंबरठ्यात आणि एक वरच्या गणेशपट्टीच्या लाकडात. अशा दाराच्या वर फट वाढलेली असेल तर ते खालून उचलून खुंटीतून काढता येतं. आतल्या बाजूने, दाराच्या वर, लाकडाचा एक ठोकळा चौकटीला बसवून टाका. दार वर उचललंच जाणार नाही.

खिडक्या

जुन्या खिडकीत उभे गज लाकडी चौकटीत खोचलेले असतात. वरून पाच-सहा गज दणकट दिसतात, पण खालच्या लाकडात पावसाचं पाणी साचून गजाचं टोक गंजून सुईसारखं झालेलं असतं. प्रत्येक गज मुठीत धरून हलवा. डुगडुगला तर ती खिडकी उघडीच आहे असं समजा. दोन आडव्या लोखंडी पट्ट्यांना भोकं पाडून सगळे गज त्यातून ओवून घेतले आणि पट्ट्यांची टोकं भिंतीत घेतली की एकेक गज सुटा निघत नाही.

नवीन ग्रिल करताना भरीव गज घ्या, 12 मिलिमीटरचे, मध्ये चार इंचांहून जास्त जागा नको. पोकळ चौकोनी पाइप दिसायला जाड आणि स्वस्त, पण किनाऱ्यावर तो आतून गंजतो आणि वरचा रंग शेवटपर्यंत छान दिसत राहतो. ग्रिल बाहेरून स्क्रूने लावलेलं असेल तर स्क्रूची डोकी वेल्डिंगने बंद करा.

अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आता गावोगावी आल्या आहेत. त्या बसवताना काच वरच्या खाचेत उचलून खाली सोडतात. बाहेरूनही तशीच उचलता येते. खिडकी बंद करून वरच्या खाचेत काचेच्या डोक्यावर एक लाकडी पट्टी किंवा दोन स्क्रू बसवा, उचलायला जागाच राहणार नाही. खालच्या खाचेत कापून ठेवलेला बांबूचा तुकडा टाकला तर खिडकी सरकतही नाही.

कौलं

कोकणातल्या घराला छप्पर हे आणखी एक दार असतं आणि त्याला कुलूप नसतं. मंगलोरी कौल साधारण 41 सेंटिमीटर लांब, रिपांवर, म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्यांवर, नुसतं अडकवलेलं. पडवीची पावळी माणसाच्या उंचीपेक्षा जेमतेम वर. आत उतरल्यावर दुसरी अडचण अशी की जुन्या घरांत आतल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, वर सगळं मोकळं असतं. पडवीत उतरलेला माणूस भिंतीवरून माजघरात जातो. कौल सरकलेलं दिसलं तर आपण "माकडांनी टाकलं" म्हणून सोडून देतो, त्यामुळे कुणी अंदाज घेऊन गेलं तरी कळत नाही.

पहिलं काम बांधण्याचं. मंगलोरी कौलाच्या पोटाशी एक भोकाचा उंचवटा असतो. तो तारेने रिपेला बांधण्यासाठीच आहे, आपण बांधत नाही एवढंच. पावळीकडच्या दोन-तीन ओळी आणि आढ्याजवळच्या ओळी तांब्याच्या किंवा स्टेनलेसच्या तारेने आतून बांधून घ्या. साधी तार दोन पावसाळ्यांत तुटते. यात दुहेरी फायदा आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्यावर आलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत गेलं, आणि दोन्ही वेळा घरांची छपरं उडाली. चोरासाठी बांधलेलं कौल वाऱ्यालाही सहजी सुटत नाही.

दुसरं काम माजघरावरच्या माळ्याचं. फळ्यांचा माळा शाबूत असेल आणि माळ्यावर जायच्या भोकाला खालून कडी लागणारी झडप असेल, तर छपरातून आलेला माणूस माळ्यावरच अडकतो. माळा नसेल तर वाशांच्या पोटाला दोन इंच चौकटीची वेल्डेड जाळी मोठ्या वॉशरच्या स्क्रूने मारून घ्या. आतल्या भिंतीच्या वरची मोकळी जागाही जाळीनेच बंद करा, विटांनी नको. तिथून हवा खेळते म्हणून बंद घराला बुरशी कमी येते. जाळी घालायची ती सगळ्या घरावर घालायची गरज नाही. ज्या एका खोलीत कपाट आहे तेवढी पुरते.

गंज, किंवा स्टीलच्या नावाखाली काय मिळतं

इतकं सगळं करून लोखंडच कुजलं तर काय उपयोग? त्यामुळे दुकानात काय मागायचं हे माहीत हवं. स्टेनलेस स्टील अनेक प्रतींचं असतं. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 316 मध्ये याशिवाय दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठामुळे पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना तेच रोखतं. समुद्र दिसतो अशा घराला 316 घ्या. बाजारात 202 प्रतही भरपूर खपते. ती दिसते तशीच, पण निकेल कमी असल्याने खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजते. "चुंबक चिकटत नाही म्हणजे अस्सल स्टील" हा दुकानातला दाखला मानू नका, चुंबक 202 लाही सहसा चिकटत नाही. बिलावर प्रत लिहून घ्या.

दोन धातू एकत्र आले की आणखी एक गोष्ट घडते. पितळी कडी आणि तिला लोखंडी स्क्रू हे आपल्याकडे नेहमीचं आहे. खाऱ्या ओलीत हे दोन धातू विजेच्या सेलसारखं वागतात आणि त्यात लोखंड झिजतं. पितळ मोठं, स्क्रू एवढासा, म्हणून झीज सगळी त्या स्क्रूवर एकवटते. कडी वर्षानुवर्षं लखलखत राहते आणि तिला धरणारा स्क्रू लाकडाच्या आत संपलेला असतो. पितळी सामानाला स्टेनलेस स्क्रूच वापरा.

ग्रिलला गॅल्वनाइझ करून घेता आलं तर पैसे वसूल होतात. त्यात लोखंड साधारण 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. कापणं, वेल्डिंग, भोकं, सगळं आधी करून मग बुडवायला पाठवायचं. नंतर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. ते परवडत नसेल तर जस्त असलेला प्रायमर आणि वर दोन हात, पण रंगाआधी ग्रिल गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून घ्या. मिठावर रंग मारला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो.

एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. पडवीच्या आत, छपराखाली असलेलं ग्रिल उघड्यावरच्या ग्रिलपेक्षा कित्येकदा आधी गंजतं. उघड्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, आतलं साचत राहतं. उन्हाळ्यात झाडांना पाणी घालताना पाइप एकदा त्या ग्रिलवरून फिरवा आणि फडक्याने पुसा.

खळं आणि परसू

चोराने हत्यार आणायची गरजच पडू नये अशी सोय आपण करून ठेवतो. पहार, कुदळ, कोयती पडवीत टेकवलेली, नारळ-पोफळी काढायची शिडी मांगराच्या भिंतीला लावलेली. घर बंद करताना हे सगळं आत. शिडी आत मावत नसेल तर माडाला साखळीने बांधून कुलूप लावा.

गडग्याच्या, म्हणजे दगडांच्या बुटक्या कुंपणाच्या, जागी चिऱ्याची पुरुषभर उंच भिंत बांधायची पद्धत वाढते आहे. माझं मत याच्या विरुद्ध आहे. उंच भिंतीआड एकदा माणूस गेला की तो रस्त्यावरून दिसत नाही आणि त्याला निवांत वेळ मिळतो. कमरेएवढा गडगा आणि शेजाऱ्याची नजर पोहोचेल असं मोकळं खळं जास्त कामाचं. खिडकीखालची दाट झुडपं छाटा.

दिवा हवाच, माणसाच्या हालचालीवर लागणारा. सौर असेल तर मेन स्विच बंद करून गेलात तरी चालतो, आणि वीज गेली तरीही. घर अगदी किनाऱ्यावर असेल तर दिव्याचं तोंड समुद्राकडे करू नका आणि प्रकाश पिवळसर ठेवा. वेळाससारख्या अनेक किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि घराच्या दिव्याने भरकटून समुद्राऐवजी वाडीत येतात.

घर बंद करून जाताना पोलीस पाटलांना आणि भावकीतल्या एकाला सांगून जा, परतायची अंदाजे तारीखही द्या. दागिने गावच्या कपाटात ठेवू नका, बँकेचा लॉकर घ्या.

आतून बाहेर पडायची वाट

ग्रिल, जाळी, आडणा, सगळं झाल्यावर घरात झोपलेल्या माणसाचा विचार करायचा राहतो. कौलारू घरात वासे, रिपा, माळा, सगळं लाकूड. आग लागली आणि एकुलतं दार त्याच बाजूला असेल तर पक्कं ग्रिल आपल्यालाच कोंडतं. म्हणून झोपायच्या प्रत्येक खोलीत एका खिडकीचं ग्रिल बिजागरीवर उघडणारं करून घ्या, आतून कुलूप लावता येईल असं. भोक इतकं मोठं हवं की घरातलं सर्वांत जाड माणूस बाहेर पडेल. बिजागऱ्या आतल्या बाजूला.

त्या कुलपाची किल्ली त्याच खोलीत एका ठरलेल्या खिळ्याला टांगायची, खिडकीतून हात घालून पोचणार नाही इतकी लांब आणि अंधारात चाचपून सापडेल इतकी खाली. आजी-आजोबा एकटे राहत असतील तर आडणा त्यांना उचलेल एवढाच जड करा, सागाच्या वाशाऐवजी हलका पाइप चालतो. गणपतीला घर भरलेलं असतं, तेव्हा मुलांना आणि पाहुण्यांना ती खिडकी आणि तो खिळा दाखवून ठेवा, आणि एकदा ते ग्रिल त्यांच्याच हातांनी उघडून बघू द्या. बिजागरी गंजून धरली असेल तर तेव्हाच कळेल.